टॅब बंद पडला असता प्रथम काय करावे?

२०२२ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. दिमोना येथे राहणाऱ्या आमच्या मावशींचा टॅब एके सकाळी अकस्मात थिजला. पडद्यावर नातवंडांचे छायाचित्र दिसत होते. पण कोपऱ्यातील घड्याळ ९ वाजून १० मिनिटांवर थांबले होते आणि बोटाने कोठेही स्पर्श केला तरी काही हालत नव्हते. मावशींनी आम्हांस दूरध्वनी केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, माझ्या हातून काही मोडलं का रे?"

आम्ही तो टॅब उचलून बाजारातील एका दुकानात नेला. तेथील तरुणाने एकवार त्याकडे पाहिले व सांगितले, "आतले सर्व पुसून टाकतो. अर्ध्या तासात नव्यासारखा होईल." आम्हांस घाई होती, आम्ही "बरे" म्हटले. टॅब खरोखरच नव्यासारखा झाला. संध्याकाळी मावशींनी तो हाती घेतला, बराच वेळ शोधाशोध केली आणि विचारले, "काकांचा आवाज कुठे गेला?"

आमचे काका २०२० साली निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या नातीने त्या टॅबवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, आपले गाव. आजोबांचा तेलाचा घाणा. शनिवारी तो बंद राही म्हणून गावकऱ्यांनी दिलेले 'शनवार तेली' हे नाव. मलिद्याच्या वेळी म्हणावयाची गाणी, असे एकूण अकरा भाग होते. त्यांपैकी दोन भाग ठाण्याच्या भाच्यास व्हॉट्सॲपवरून पूर्वीच पाठविलेले असल्यामुळे वाचले. नऊ भाग गेले ते गेलेच.

पुढे आम्हांस कळले की, त्या जातीच्या टॅबची दोन बटणे एकाच वेळी दहा-पंधरा सेकंद दाबून धरली असती, तर तो बहुधा जागच्या जागी पुन्हा सुरू झाला असता आणि आतील एक अक्षरही पुसले गेले नसते. तो साधा उपाय आम्ही करूनच पाहिला नाही. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण एवढेच की, आमच्या हातून झालेली चूक आपल्या समाजातील दुसऱ्या कोणा घरी होऊ नये.

सोप्याकडून कठिणाकडे

अध्यापक विद्यालयात आम्हांस पहिल्याच सत्रात अध्यापनाची सूत्रे पाठ करावी लागली होती: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, सोप्याकडून कठिणाकडे. तीस वर्षे वर्गात वापरलेले हे शेवटचे सूत्र आम्ही त्या दिवशी दुकानात विसरलो. टॅबच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, ज्या उपायाने काहीही नष्ट होत नाही तो आधी करावा आणि ज्याने सर्व पुसले जाते तो सर्वांत शेवटी. मधल्या पायऱ्या कोणत्या, त्या आता क्रमाने पाहू.

पडदा काळा, टॅब निपचित

टॅब मुळीच सुरू होत नसेल, तर तो बिघडला असे लगेच समजू नये. शुक्रवारी सायंकाळी बाजूस ठेवलेला टॅब शब्बाथ संपल्यावर उघडू जावे आणि तो मेल्यासारखा पडलेला असावा, हा अनुभव पुष्कळांचा आहे. बॅटरी पूर्णपणे रिकामी झाली असता चार्जर लावताक्षणी पडदा उजळत नाही. निदान एक तास तो चार्जरवर तसाच राहू द्यावा. मगच सुरू करून पाहावे.

तरीही चार्ज होत नसेल, तर दोष टॅबचा की चार्जरचा हे आधी ठरवावे. याची रीत शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम दुसरी वायर लावून पाहावी, मग दुसरा चार्जर, मग भिंतीवरील दुसरा सॉकेट. तिन्ही एकदम बदलल्यास दोष कोठे होता ते कळत नाही. वायर ही टोकाशी वाकून वाकून आतून तुटते व बाहेरून धडधाकट दिसते; म्हणून प्रथम संशय तिचाच घ्यावा.

भारतातून पाहुण्यांनी आणलेले चार्जर आपल्या घरोघरी असतात. दोन्ही देशांत वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचाच असल्याने असा चार्जर येथे चालतो. फरक आहे तो पिनांच्या आकारात. मध्ये लावलेला अडॅप्टर सैल असेल, तर वीज येते-जाते आणि टॅब रात्रभर लावूनही सकाळी अर्धवटच भरलेला सापडतो. चार्जरची शक्तीही पाहावी. त्यावर बारीक अक्षरांत वॅटचा आकडा छापलेला असतो. आयपॅडबरोबर निरनिराळ्या काळी १०, १२ व २० वॅटचे चार्जर मिळत आले आहेत; जुन्या फोनच्या ५ वॅटच्या चार्जरने तोच टॅब अगदी संथपणे भरतो. संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून तर केवळ अडीच वॅट मिळतात. पडदा चालू ठेवला, तर तेवढी वीज पुरतही नाही.

नेगेवमधील धूळ आपल्या परिचयाची आहे. ती चार्जिंगच्या खाचेत बसते, वर कापसाचे तंतू साचतात आणि वायर शेवटपर्यंत आत जात नाही. टॅब बंद करून, चांगल्या उजेडात, लाकडी दात-कोरणीने ही घाण अलगद बाहेर काढावी. सुई किंवा टाचणी मुळीच वापरू नये. धातूने आतील नाजूक पट्ट्या एकमेकींस चिकटून कायमचा बिघाड होतो. पाणी अगर तेलही घालू नये.

थिजलेला टॅब

मावशींच्या टॅबला झाले होते ते हेच. अशा वेळी टॅब सक्तीने पुन्हा सुरू करावा. यात आत साठविलेले काही पुसले जात नाही. फार तर त्या क्षणी अर्धवट लिहिलेला मजकूर जातो.

पुढच्या बाजूस खाली गोल बटण असलेला आयपॅड असेल, तर ते गोल बटण व वरच्या कडेचे बटण एकदम दाबून धरावे व सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत सोडू नये. गोल बटण नसलेल्या नव्या आयपॅडवर तीन कृती कराव्या लागतात. आवाजाच्या दोन बटणांपैकी वरच्या कडेच्या बटणास जे जवळ आहे ते दाबून लगेच सोडावे. मग लांबचे दाबून लगेच सोडावे. त्यानंतर वरचे बटण चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरावे. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबवर चालू-बंद करण्याचे बटण व आवाज कमी करण्याचे बटण सात सेकंदांहून अधिक काळ एकत्र दाबावे. ही कृती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टॅबच्या कव्हरच्या आत चिकटवून ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ऐन वेळी ती कोणासच आठवत नाही.

एखादे विशिष्ट ॲप उघडले की टॅब अडकतो असे वारंवार घडत असेल, तर दोष त्या ॲपचा समजावा. ते अद्ययावत करावे. तेवढ्याने न भागल्यास काढून पुन्हा घ्यावे. मात्र ॲप काढल्यास त्यात साठविलेले साहित्यही जाऊ शकते, हे ध्यानात असू द्यावे.

उष्णतेपासून सावध

आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यासाठी बनविलेला आहे. बेर शेवा, दिमोना, येरुहाम येथे जुलै-ऑगस्टात पारा त्यापलीकडे जाणे नवलाचे नाही आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर तो त्याहून पुष्कळच वर जातो. टॅब अति तापला की पडद्यावर तापमानाची सूचना येते व तो काम करणे थांबवितो. हा बिघाड नव्हे. ते त्याचे स्वतःचे संरक्षण आहे. त्यास सावलीत ठेवावे, कव्हर काढावे व निवू द्यावे. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने आत दव साचते.

टॅबची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. आतील लिथियम-आयन बॅटरी फुगल्याचे ते लक्षण होय. असा टॅब तत्काळ बंद करावा, चार्जरला लावू नये, दाबू नये, टोचू नये. तो पेट घेऊ शकतो. तो घरच्या कचऱ्यातही टाकू नये. विद्युत् उपकरणे व बॅटऱ्या यांच्या विल्हेवाटीसंबंधी येथे २०१२ साली कायदा झालेला आहे. या वस्तू वेगळ्या गोळा केल्या जातात. बाकी बॅटरी हळूहळू क्षीण होणे हे वयपरत्वे चालायचेच. आयपॅडची बॅटरी १००० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत टिकावी, असे तिच्या निर्मात्यांचे गणित आहे.

पडदा ऐकत नाही, आवाज येत नाही

टॅबच्या काचेस बोटाचा दाब कळत नाही. बोटाच्या स्पर्शाने विद्युत्‌भारात होणारा सूक्ष्म बदल कळतो. म्हणूनच नखाने किंवा साध्या पेन्सिलीने तो चालत नाही. ओल्या, तेलकट बोटांनी तो गोंधळतो आणि वृद्धांच्या फार कोरड्या बोटांस कधी कधी दाद देत नाही. रोश हशानाच्या आदल्या दिवशी चिकाचा हलवा ढवळता ढवळता त्याच हाताने पाककृतीचे पान सरकविणाऱ्या आमच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे! टॅब बंद करून मऊ, किंचित ओल्या फडक्याने काच पुसावी. ब्लीच वापरू नये. चार्जर लावलेला असतानाच पडदा आपोआप हलू लागला, बोट न लावता अक्षरे उमटू लागली, तर दोष बहुधा स्वस्त चार्जरचा असतो. तो काढताच सर्व सुरळीत होते.

आवाज बंद झाल्याची तक्रार आली की आम्ही प्रथम विचारतो, "नातवंडे घरी आली होती काय?" नातवाचे बिनवायरचे इअरफोन टॅबला जोडलेले राहतात व आवाज शेजारच्या खोलीत त्याच्या कानात जात असतो. ब्लूटूथ बंद करून पाहावे.

आणखी एक प्रकार आहे, त्याने वृद्ध माणसे फार घाबरतात. टॅब एकाएकी बोलू लागतो, बोट ठेवावे त्या वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारतो आणि एका स्पर्शाने काहीच उघडत नाही. हे अंधांच्या सोयीसाठी असलेले साधन होय. बटणे चुकून दाबली गेल्याने ते सुरू होते. ते चालू असताना कोणतीही वस्तू उघडण्यास एक स्पर्श करून मग दोनदा टिचकी मारावी लागते. ते बंद करण्यास आयपॅडवर गोल बटण, ते नसल्यास वरचे बटण, जलद तीनदा दाबून पाहावे. अँड्रॉइड टॅबवर आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र धरावी. त्याने न जमल्यास सेटिंग्जमधून ते बंद करता येते.

ठाण्याचा फोन का लागत नाही?

दूरच्या आप्तांशी बोलता येत नाही, तेव्हा टॅबला दोष देण्यापूर्वी घरातील दुसऱ्या फोनवर त्याच वाय-फायने काही उघडते का ते पाहावे. त्यावरही उघडत नसेल, तर राउटरची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावी व दोन-तीन मिनिटे थांबावे.

बाहेरच्या खोलीत चालणारा टॅब ममादमध्ये मात्र चालत नाही, अशी तक्रार विशेष येते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांतून ही संरक्षित खोली असते. तिच्या जाड काँक्रीटच्या व सळयांच्या भिंती वाय-फायच्या लहरी अडवितात. राउटर दोन नावांची जाळी दाखवीत असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झची निवडावी. ती ५ गिगाहर्ट्‌झच्या जाळीपेक्षा संथ, परंतु भिंतीतून अधिक पार जाणारी असते. शक्य असल्यास राउटर खोलीच्या दाराजवळ आणावा.

टॅबमधील तारीख व वेळ चुकलेली असली, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत व व्हॉट्सॲपही तक्रार करते. कारण या सर्वांची ओळखपत्रे ठराविक तारखांपुरती वैध असतात. घड्याळ हाताने लावू नये. आपोआप लागणारे ठेवावे. येथील घड्याळ मार्चमधील शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी एक तास पुढे जाते व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. भारतातील बदलत नाही. म्हणून हिवाळ्यात ठाणे-मुंबई आपल्या साडेतीन तास पुढे असते, तर उन्हाळ्यात अडीच. फोन कोणी उचलत नाही यामागे कधी कधी एवढेच कारण असते!

आयपॅडसाठी व्हॉट्सॲपचे स्वतंत्र ॲप २०२५ च्या मे महिन्यात आले. ते फोनवरील खात्यास जोडलेले असते. मूळ फोन चौदा दिवस वापरला गेला नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात व पुन्हा जोडावी लागतात. त्यात काही बिघडलेले नसते.

जागा संपली

टॅब संथ होतो, छायाचित्र काढता येत नाही, नवी आवृत्ती उतरत नाही, या सर्वांचे मूळ पुष्कळदा एकच असते: आत जागा उरलेली नसते. सेटिंग्जमधील साठवणुकीच्या पानावर कशाने किती जागा व्यापली ते दिसते. बहुधा तेथे 'शुभ प्रभात'ची चित्रे व लग्नाच्या चित्रफिती यांचा ढीग सापडतो. प्रथम या चित्रफिती काढाव्यात.

तथापि येथेच मोठा धोका आहे. आयपॅडवर आयक्लाउडची छायाचित्रांची सोय चालू असेल, तर टॅबमधील छायाचित्र पुसल्याबरोबर ते फोनवरून व इतर सर्व ठिकाणांहूनही पुसले जाते. ती सोय म्हणजे दुसरी प्रत नव्हे; एकाच पेटीस लावलेली ती अनेक दारे होत. सुदैवाने आयपॅडवर पुसलेली छायाचित्रे 'नुकतेच पुसलेले' या कप्प्यात साधारण तीस दिवस राहतात व तेथून परत आणता येतात. चूक झाली असे वाटल्यास तो कप्पा रिकामा करू नये. उलट, पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर त्याचे कारणही हाच कप्पा होय.

हिब्रू पडदा, मराठी बोट

येथे घेतलेल्या टॅबचा पडदा पुष्कळदा हिब्रूत असतो. सारे उजवीकडून डावीकडे वळते, मागे जाण्याचा बाण दुसऱ्या बाजूस जातो आणि वाचता न आल्यामुळे वृद्ध माणसे नको ते दाबतात. आयपॅडवर दातेरी चाकाचे चिन्ह शोधावे. तेच 'हग्दारोत', म्हणजे सेटिंग्ज. त्यात 'क्लाली', म्हणजे सर्वसाधारण, आणि त्यात 'सफा वे-एझोर', म्हणजे भाषा व प्रदेश. तेथे इंग्रजी निवडता येते. अँड्रॉइड टॅबवर संपूर्ण पडदा मराठीतही करता येतो. मराठी लिहिण्यासाठी आयपॅडच्या त्याच 'क्लाली'मध्ये 'मिकलेदेत', म्हणजे अक्षरफलक, उघडून त्यात मराठीची भर घालावी. मग अवकाशपट्टीजवळील पृथ्वीगोलाच्या चिन्हाने हिब्रू, इंग्रजी व मराठी अशी पाळीपाळीने अदलाबदल करता येते. पत्र मराठीत लिहिता येऊ लागले की टॅबची निम्मी भीती जाते, असा आमचा अनुभव आहे.

मुलांनी दिलेला जुना टॅब

मुलगा नवा टॅब घेतो व जुना आईस देतो. यात प्रेमही असते आणि काटकसरही. परंतु देण्यापूर्वी त्याने स्वतःचे खाते त्यातून काढले पाहिजे. नाहीतर टॅब पुसून पुन्हा सुरू करताना तो मुलाचाच पासवर्ड मागतो व त्यावाचून पुढे जात नाही. चोरीस आळा बसावा म्हणून आयपॅड व अँड्रॉइड या दोहोंत ही तजवीज केलेली आहे. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरात सुरक्षित ठेवावी. टॅबच्या पाठीवर चिठ्ठी लावू नये. लहान मुलांनी कुलुपाचा अंक वारंवार चुकीचा दाबला, तर थांबण्याचा काळ वाढत जातो व शेवटी टॅब पुसण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून त्यांच्या हाती कुलूपबंद टॅब खेळण्यास देऊ नये.

फार जुन्या टॅबला नवी आवृत्ती मिळत नाही. उदाहरणार्थ, २०१३ सालचा आयपॅड एअर बाराव्या आवृत्तीवर थांबला आहे. त्यावर नवी ॲपे चालली नाहीत, तर तो मोडला असे नव्हे. छायाचित्रे पाहण्यास, गाणी ऐकण्यास तो उत्तम आहे. पैशांचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत.

आणि कधी पडद्यावर "आपल्या टॅबमध्ये विषाणू आहेत, या क्रमांकावर फोन करा" अशी लाल अक्षरांतील पाटी आली, तर ती सरळ फसवणूक समजावी. ते पान बंद करावे. फोन करू नये. ओळखपत्राचा अगर बँकेचा क्रमांक कोणास सांगू नये.

शेवटची पायरी

वरील सर्व करूनही टॅब सुधारला नाही, तर दुरुस्तीच्या दुकानी जावे किंवा आतले सर्व पुसून तो नव्याने सुरू करावा. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा: यातील अशी कोणती वस्तू आहे, की जी दुसरीकडे कोठेही नाही? तिचे नाव दुकानदारास स्पष्टपणे सांगावे आणि "पुसण्यापूर्वी प्रत काढता येते का?" असे विचारावे. तो "नाही" म्हणाला, तर दुसऱ्या जाणकारास दाखविल्यावाचून होकार देऊ नये. टॅब पुन्हा विकत घेता येतो.

खरे तर प्रत काढण्याची वेळ टॅब चांगला चालत असतानाच असते. आयक्लाउडमध्ये ५ गिगाबाइट व गूगलकडे १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. ती भरली की नवी प्रत निघणे थांबते. पडद्यावर तशी सूचना येते, पण ती आपण न वाचता बाजूस सारतो. मावशींच्या टॅबचे हेच झाले होते. म्हणून त्यावर विसंबून न राहता मोलाचे साहित्य आणखी दोन ठिकाणी ठेवावे: एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे. शुक्रवारी स्वयंपाक आवरल्यावर, शब्बाथसाठी टॅब बाजूस ठेवण्यापूर्वी, दहा मिनिटे या कामी द्यावीत. घरातील नातवंडांस हे काम सांगावे; ती आनंदाने करतात, आणि करता करता आजी-आजोबांचे बोलणे त्यांच्याही कानांवर पडते.

काकांचे उरलेले दोन भाग आता मावशींच्या टॅबवर, आमच्या संगणकावर व ठाण्यास भाच्याकडे असे तीन ठिकाणी आहेत. त्यांपैकी एकात काका घाण्याच्या बैलाचे वर्णन करतात आणि मध्येच मावशींस हाक मारून चहा मागतात. मावशी तो भाग आठवड्यातून एकदा तरी ऐकतात. गेलेल्या नऊ भागांविषयी त्यांनी आम्हांस एका शब्दानेही कधी बोल लावला नाही. परंतु त्यांच्या घरी गेलो व त्या टॅबकडे आमची दृष्टी गेली की आम्हांस आजही ओशाळल्यासारखे होते.

वाचकहो, आपल्याही घरी एखाद्या टॅबमध्ये असा एखादा आवाज असेल. तो आज कोठे कोठे ठेवलेला आहे, हे कृपया पाहून घ्यावे.